उभ्यानं दिसणारी गाठ

उभी

“सोडलीस का?”

हिंदुराव वस्तादांचा आवाज तालमीच्या पत्र्यावर आदळून खाली आला. मी मॅटच्या मधोमध उभी होते आणि आयेशा माझ्या पायाशी पडून खांदा चोळत होती. मी तिला कलाजंगवर घेतली होती. म्हणजे खाली शिरून दोन्ही खांद्यांवर आडवी उचलली होती, एखादं पोतं उचलतात तशी. आता फक्त फेकायची बाकी होती. नेमक्या त्याच क्षणी उजव्या जांघेत कुणीतरी आतून बोट खुपसल्यासारखं झालं आणि माझे हात सुटले.

“वैजू, मी तुला विचारतोय. सोडलीस का?”

“दुखलं, वस्ताद.”

“कुठं?”

तालमीत पोरं भरलेली. कुणी दोर चढत होतं, कुणी जोर मारत होतं, पण वस्तादांनी मला विचारलं तशी सगळ्यांची अंगं थांबली. मुली आम्ही दोघीच, मी आणि आयेशा. जांघ हा शब्द त्या छपराखाली कुणी मुलीनं कधी उच्चारला नव्हता.

“पायात,” मी म्हणाले.

वस्ताद मांडी घालून बसले, माझा पाय उचलून मांडीवर घेतला. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं उचकटलेलं होतं. कुणाचं नसतं?

“हे बघा, अंगठा सोलवटलाय पोरीचा. हळद आणा रे कुणीतरी.” मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “का नगरवाली दिसली डोळ्यांपुढं?”

नगरची ती मुलगी मला आदल्या वर्षी राज्य निवड चाचणीत हरवून गेली होती. यंदाची चाचणी तोंडावर आली होती. पोरं हसली. आयेशा हसली नाही.

*आई त्या वेळी घरी होती. भरलेला दुधाचा कॅन ओट्यावरून वजनकाट्यावर ठेवत होती. उभी.*

ओणवी

संध्याकाळी अंघोळीला बसले, साबण घ्यायला वाकले आणि हाताला ती लागली. जांघेच्या घडीखाली, सुपारीएवढी. मऊ. दाबली की आत जायची, गुळ्ळ असा आवाज करून. उठून उभी राहिले, खोकले, तर पुन्हा जागेवर हजर.

मी आईला मोरीच्या दाराशी बोलावलं.

“आई, इथं गाठ आलीय.”

आईनं आत डोकं घातलं, बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

“सकाळी नसते ना?” ती म्हणाली.

“नसते. झोपून उठल्यावर काहीच नसतं.”

“दादांना सांगते मी,” म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दादा म्हणजे माझे वडील. एकेकाळी जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत लढलेले, कान फुटून भज्यांसारखे झालेले. आता दुधाचा टेम्पो चालवायचे. आईनं त्यांना आडून आडून सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडताच निकाल दिला.

“अवधान आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतंच. मला हजार वेळा आलंय. जखम बरी झाली की जातं.”

“ही मऊ आहे, दादा.”

“नवीन आहे म्हणून मऊ असंल.”

*आई वाढत होती. स्वतःचं ताट तिनं घेतलं नाही. पोट जड आहे म्हणाली.*

बसलेली

पुढचे दिवस माझ्या अंगठ्याचे होते.

सगळी तालीम अंगठ्यामागं लागली. वस्ताद स्वतः हळद-तेल गरम करून आणायचे. दादांनी वीट तापवून फडक्यात गुंडाळून दिली, जांघ शेकायला. एका पोराच्या आजीनं कसला पाला पाठवला. आयेशाची अम्मी येऊन अंगठ्यावर फुंकर घालून गेली. मी बसायची आणि सगळे माझ्या पायाकडं बघायचे.

तालमीत हे असंच चालायचं. जांघेत गाठ आली की पाय बघायचा, आणि पैलवानाच्या पायाला जखम सापडली नाही असं कधी होत नाही. म्हणून तालमीतली प्रत्येक गाठ अवधानाची. हे इतकं बिनचूक होतं की त्यात चूक असेल असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

अंगठा बरा झाला. नवीन नख गुलाबी होऊन वर आलं. गाठ होती तिथंच.

“मग डाव्या पायाला काही लागलंय का बघ,” दादा म्हणाले.

“गाठ उजवीकडं आहे, दादा.”

“तरी बघ.”

मी सराव सोडला नव्हता. वस्तादांनी सांगितलं तशी कापडाची पट्टी घट्ट बांधून मॅटवर उतरत होते. पट काढायला अडचण नव्हती, धोबीपछाड मारायलाही नाही. फक्त कलाजंग. वजन खांद्यावर आलं, श्वास कोंडला, की पट्टीखालून ते बोट टोचायचं आणि माझे हात आपोआप ढिले पडायचे. कलाजंग हा माझा डाव होता. त्याच्याशिवाय मी नगरवालीपुढं म्हणजे नुसती वजनात बसणारी एक मुलगी.

“सोडलीस का?” वस्ताद रोज विचारायचे. आधी रागानं. मग नुसतंच.

*आई ओट्यावर बसलेली. एक गुडघा दुसऱ्यावर दाबून. ती नेहमी तशीच बसायची.*

आडवी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर कामत म्हणून नवीन बाई आल्या होत्या. बाई डॉक्टर आहे म्हटल्यावर आई मला घेऊन जायला तयार झाली.

“झोप,” डॉक्टरांनी पडद्यामागच्या टेबलाकडं बोट केलं.

मी झोपले.

“कुठं आहे?”

“इथं.”

त्यांनी बोटांनी चाचपलं. थंड, चपळ बोटं. एका बाजूला, दुसऱ्या बाजूला.

“इथं?”

“हो.”

“काहीच लागत नाहीय मला.”

“आत्ता गेली असंल.”

“गाठ अशी येत-जात नसते गं,” त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, दमलेल्या होत्या. पडद्याबाहेर बायकांची रांग भिंतीला टेकून उभी होती. “कुस्ती खेळतेस ना? स्नायू ताणला असेल. बारीक बारीक ग्रंथी असतात इथं, त्या सगळ्यांनाच असतात. गोळ्या देते. थोडी विश्रांती घे.”

“विश्रांती नको. चाचणी आहे.”

“मग चाचणी झाल्यावर घे.”

पडद्याच्या बाहेर आईनं विचारलं, “काय निघालं?”

“काहीच नाही.”

आई म्हणाली, “बरं झालं.” पण बरं वाटल्यासारखी दिसली नाही.

ही बातमी माझ्या आधी तालमीत पोचली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, काही नाही म्हणाल्या. त्या संध्याकाळी कुणी माझा अंगठा विचारला नाही. वस्तादांनी मला कलाजंग करायला सांगितलंच नाही, आयेशाला सांगितलं. आणि रात्री जेवताना दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, “वैजू, हरलीस तरी चालंल आपल्याला. घाबरून खेळू नकोस एवढंच.”

नगरवालीनं मला चितपट केली होती तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं.

*आई ताटं उचलताना थांबली. भिंतीला हात लावून. मग उचलली.*

पुन्हा उभी

मी घाबरले नव्हते. पण हे तोंडानं सांगून कुणाला पटतं?

मग ठरवलं. चाचणी राहिली तर राहिली, पण ही गाठ मी कुणाच्या तरी हाताखाली धरून दाखवणार. ती आहे, एवढं एकदा कुणीतरी शहाण्या माणसानं मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

त्यासाठी आधी तिची ओळख करून घ्यायला हवी होती. प्रतिस्पर्धी कुठल्या पायावर उभा राहतो, कुठल्या खांद्यानं आत येतो, कधी श्वास सोडतो, हे आम्ही बघतो. मी गाठीचं तसंच बघायला लागले. झोपलं की पळते. नुसतं उभं राहिलं तर कधी येते, कधी येत नाही. खोकल्यावर डोकावते, पण लाजरी असते. जिना चढून दमल्यावर येते. कॅन उचलला की येतेच. माणूस खांद्यावर घेतलं की पूर्ण बाहेर येते आणि उतरवेपर्यंत तिथून हलत नाही.

एकदा मी आईच्या हातातला भरलेला कॅन ओढून घ्यायला गेले.

“सोड गं, मी घेते.”

“आई, मला बघायचंय उचलल्यावर काय होतं.”

“काय होतं ते मला ठाऊक आहे,” आई पटकन म्हणाली. मग सावरून म्हणाली, “म्हणजे दुखणारच. उचलू नको तू.”

“मला पुन्हा दवाखान्यात जायचंय. उद्या.”

“कशाला? बाई म्हणाल्या ना काही नाही.”

“त्यांनी झोपवून बघितलं. ती उभ्यानं दिसते.”

आईनं कॅन खाली ठेवला. झाकण दाबून बसवलं. म्हणाली, “बाईच्या जातीला असतं असं काहीबाही. सगळं बाहेर काढून दाखवायचं नसतं.”

“मला दाखवायचंय.”

“तू तुझ्या बापावर गेलीस.”

“मग चल.”

*आई चालली. एसटीत खिडकीपाशी बसली. घाटाची वळणं नाहीत त्या रस्त्याला, तरी तिला उलटी झाली. डिझेलच्या वासानं, ती म्हणाली. स्टँडवर चहा घेतला नाही. आदल्या दिवशीही तिनं काही खाल्लं नव्हतं, हे मला नंतर आठवलं.*

उभीच

“तू परत?” डॉक्टर कामत म्हणाल्या. “गोळ्या संपल्या?”

“गोळ्यांनी काही झालं नाही.”

“बरं, झोप.”

“नाही.”

त्यांचं लिहिणं थांबलं. दारात अंजना मावशी उभ्या होत्या, दवाखान्यातल्या आया, अंगानं चांगल्या भरलेल्या. रांगेतल्या बायकांना ‘मागं व्हा, मागं व्हा’ म्हणत होत्या. त्यांनीही मान वळवली.

“नाही म्हणजे?”

“मॅडम, झोपले की ती आत जाते. तुम्ही मला उभी बघा.”

डॉक्टरांनी एक सुस्कारा सोडला. पण उठल्या. पडद्यामागं आल्या, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. “हं. खोक.”

मी खोकले.

“जोरात.”

जोरात खोकले. गाठीनं दगा दिला. एसटीत उभी राहून आले होते, सकाळी मुद्दाम बैठका मारल्या होत्या, आणि आता ती आत दडून बसली होती.

“वैजयंता,” डॉक्टर म्हणाल्या, “बाहेर किती पेशंट आहेत बघितलंस ना?”

“तिला वजन लागतं, मॅडम. खांद्यावर वजन आलं की बाहेर येते.” मी इकडंतिकडं बघितलं. पडद्याच्या कडेला आई उभी होती, पदर गळ्याशी घट्ट धरून. आईचं वजन ते काय असणार? “आई, इकडं ये. तुला उचलते.”

“नको!”

आई इतक्या जोरात ओरडली की बाहेरची कुजबुज थांबली. ती दोन पावलं मागं सरकली आणि पोटावर दोन्ही हात घेतले.

“मला नको उचलू. मला हात लावू नको.”

“अगं, एक मिनिट फक्त.”

“नको म्हणते ना!”

मला राग आला. सगळे मला खोटी म्हणतात आणि सख्खी आई एवढी मदत करत नाही. मी वळले.

“अंजना मावशी, तुम्ही या.”

“मी? मी कशाला?”

“या तर.”

त्या बिचाऱ्या काहीतरी आणून द्यायचं असेल म्हणून आत आल्या. मी त्यांचा उजवा हात धरला, गुडघ्यावर बसले, खाली शिरले आणि उठले.

“अगं बया! अगं ए! पडले! पडले मी!”

“पडणार नाही, मावशी. पाय सैल सोडा.”

“डॉक्टरबाई, ही पोरगी येडी आहे! सिस्टर! अहो सिस्टर!”

“उतरव त्यांना!” डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. “उतरव आधी! हा काय प्रकार—”

“आधी बघा, मॅडम! आत्ता बघा!”

जांघेत बोट खुपसलं गेलं. तीच कळ, तीच जागा. हात सुटायला आले. मी सोडले नाहीत. अंजना मावशी आयेशापेक्षा दुपटीनं जड होत्या आणि माझ्या मानेवर देवाचा धावा करत होत्या. मी पाय रुंद टाकले, दात दाबले आणि उभी राहिले.

डॉक्टर कामत खाली बसल्या. त्यांची बोटं लागली. या वेळी चपळ नव्हती. एका जागी थांबली.

“हलू नकोस,” त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. “खोक.”

मी खोकले.

“पुन्हा.”

पुन्हा खोकले.

“सापडली.”

“सापडली असंल तर मला खाली ठेवा की आता!” वरून मावशी म्हणाल्या.

*आई भिंतीला टेकली होती. हळूहळू खाली सरकत होती.*

खुर्चीत

“मी तुला पहिल्याच दिवशी उभं करून बघायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि कागदावर पोटाचं चित्र काढायला लागल्या. “हा हर्निया आहे. अंतर्गळ. ग्रंथी नाही, अवधान तर नाहीच. पोटाची भिंत असते ना, तिच्यात इथं खाली एक बारीक वाट असते. जोर आला की पोटातलं आतडं त्या वाटेनं बाहेर डोकावतं. झोपलं की आपोआप आत सरकतं. म्हणून मला लागलं नाही.”

बाहेर अंजना मावशी कंबर धरून बाकावर बसल्या होत्या आणि रांगेला सगळी हकीकत सांगत होत्या.

“कशानं बरं होतं?”

“ऑपरेशननं. आणि ते होईपर्यंत काहीही उचलायचं नाही. मावशी नाही, मैत्रीण नाही, पाण्याची घागर नाही.”

“चाचणी?”

“यंदा नाही.”

मला वाटलं होतं तसं रडू आलं नाही. गाठ होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मोठ्यानं. चाचणी हातची गेली होती आणि मी खोटी नव्हते. त्या दोन गोष्टी माझ्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या मी बसून राहिले.

“उगाच घाबरवत नाही,” डॉक्टर सांगत होत्या, “पण ही जांघेच्या घडीखालची वाट फार अरुंद असते. बायकांमध्येच जास्त दिसते ही. बाळंतपणं झालेल्या, ओझी उचलणाऱ्या. कधीतरी आतडं बाहेर येतं आणि अडकून बसतं, मग—”

“मग काय होतं?”

आईनं विचारलं होतं. दवाखान्यात आल्यापासून डॉक्टरांशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. ती जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून.

“मग गाठ कडक होते, आई. झोपलं तरी आत जात नाही. पोट फुगतं, उलट्या होतात.”

आईनं मान हलवली. एखादी बाई बाजारात भाव ऐकून मान हलवते तशी.

“तसं झाल्यावर,” ती म्हणाली, “किती वेळ असतो माणसाला?”

डॉक्टरांच्या हातातलं पेन कागदावर आडवं झालं.

“आई,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुम्ही इकडं या.”

“माझं काही नाही. हिचं बघा. हिची चाचणी आहे.”

“कधीपासून आहे तुम्हाला?”

“हिच्या वेळेपासून. बाळंतपणानंतर. यायची आणि जायची. मला वाटलं सगळ्यांनाच असतं.”

“आणि आत जात नाही ते कधीपासून?”

आई माझ्याकडं बघत होती. डॉक्टरांकडं नाही.

“काल दुपारपासून,” ती म्हणाली.

आडवी

या वेळी आई आडवी.

डॉक्टरांनी लुगडं बाजूला केलं तेव्हा मी बघितलं. माझ्या जागेवरच होती, पण सुपारीएवढी नव्हती. लिंबाएवढी, लालसर, ताठ. बोट लागताच आईनं टेबलाची कड धरली. तोंडातून आवाज काढला नाही. तिला आवाज न काढण्याची सवय होती, आणि ती सवय किती वर्षांची होती हे मला कळत होतं, कारण ती माझ्याच वयाची होती.

“ॲम्ब्युलन्स लावा,” डॉक्टर ओरडल्या. “जिल्ह्याला फोन करा, सर्जन थांबवा म्हणावं. अडकलेला हर्निया. सिस्टर, सलाईन.”

सगळे धावायला लागले. स्ट्रेचरचं एक चाक मोडलेलं होतं, ते दारात अडलं. मी पुढं झाले. आईच्या मानेखाली हात घातला, गुडघ्यांखाली घातला. मी अंजना मावशींना उचललं होतं, आई म्हणजे काय.

“वैजयंता!” डॉक्टरांनी माझं मनगट पकडलं. “तू नाही.”

“माझी आई आहे!”

“म्हणूनच. एकाच गाडीत दोघींना नाही न्यायचं मला.”

आई डोळे मिटून होती. तशीच म्हणाली, “सोड, वैजू.”

मी सोडली.

अंजना मावशी पुढं आल्या. पदर खोचला. “मघाशी मला उचललं ना पोरीनं,” म्हणाल्या, “आता माझी पाळी.” त्यांनी आणि ड्रायव्हरनं आईला उचलून गाडीत ठेवलं. मी रिकाम्या हातांनी मागून चढले. आयुष्यात त्या रस्त्याएवढी मोठी कुस्ती मी खेळले नाही, आणि ती नुसती बसून खेळायची होती.

बसलेले

जिल्ह्याच्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरबाहेर बाक होता. संध्याकाळपर्यंत त्यावर दादा आणि हिंदुराव वस्ताद येऊन बसले. दादा टेम्पोतूनच आले होते, शर्टाला दुधाचा वास. दोघेही गुडघ्यांवर हात ठेवून, कुस्ती बघायला बसल्यासारखे.

सर्जन बाहेर आले. आतड्याचा बोटभर तुकडा काळा पडला होता, तो काढला. बाकीचं ठीक आहे. उद्यापर्यंत थांबला असता तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली. ती हातात फिरवत राहिले.

“पोरी,” शेवटी म्हणाले, “तू सोडत नव्हतीस. सुटत होतं.”

“हो, वस्ताद.”

“हे मला कळायला पाहिजे होतं.”

“तुमचं लक्ष अंगठ्यावर होतं.”

ते हसले, पण डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दादांना आत सोडलं. ते खाटेजवळ उभे राहिले, एवढा थोरला माणूस, हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे.

“मला का नाही सांगितलंस?” दादा म्हणाले. “इतकी वर्षं?”

आईचा आवाज घशात घातलेल्या नळीनं बसलेला होता. ती म्हणाली, “पायाला काय लागलंय बघ, म्हणाला असतात.”

दादांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसणं आणि रडणं दोन्ही करत होते.

“हसवू नका,” आई पोट धरून म्हणाली, “टाके ओढतात.”

मग माझ्याकडं वळून म्हणाली, “आता तू.”

उभी

माझं ऑपरेशन आईचे टाके निघाल्यावर झालं. त्या वर्षी चाचणीला आयेशा गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मी गेले आणि नगरवालीशी गाठ पडली. कलाजंगवर घेतली तिला. गुणांवर हरले, पण खांद्यावरून सुटली नाही, पार फेकेपर्यंत. मॅटवरून उतरले तेव्हा वस्तादांनी काही विचारलं नाही. पाठीवर एक थाप मारली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वस्ताद थकले, तालीम मी बघते. मुली पुष्कळ झाल्यात. आसपासच्या गावांतून सायकलीवर येतात, काहींना त्यांच्या आया आणून सोडतात.

नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी मी पोरांना बाहेर मैदानात पळायला लावते आणि दार लोटून घेते. मग आई येते. तिला कुणी सांगितलेलं नाही, ती आपण होऊन येते. काट्यावरचा कॅन आता दादा उचलतात. आई खुर्चीवर बसते, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवून, आणि मुलीला जवळ बोलावते. तिच्याबरोबर तिची आई आली असेल तर तिलाही बोलावते.

काही लागलं तर दोघींना डॉक्टरकडं पाठवायचं, एवढंच तिचं काम.

परवा एक आली. लाजून लाल झालेली, वेणीचं टोक चावत. आईनं कशासाठी बोलावलं ते तिला सांगितलं. पोरीनं दवाखाना बघितलेला असावा. ती शहाण्यासारखी मॅटवर गेली आणि उताणी झोपली.

“झोपू नको, बाळ,” आई म्हणाली. “उभी राहा.”

ती उठली.

“हं,” आई म्हणाली. “खोक आता. मोठ्यानं.”